‘उघडलंच आहे तर…’ : नागपुरात जुन्या घराचं काम ठरलेल्या पैशात कसं बसवायचं

“ताई, भिंत उघडलीच आहे तर वरचा पाइपपण बदलून घेऊ. नंतर पुन्हा फोडावं लागेल.”

मिस्त्री खोटं बोलत नव्हता. पाइप खरंच गंजला होता. मी ‘हो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाइप नवीन होतोच आहे तर गिझरचा पॉइंट सरकवला. तिसऱ्या दिवशी छपाई (प्लास्टर) नवीन होतेच आहे तर टाइल्स सात फुटांऐवजी छतापर्यंत नेल्या. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरातलं ते एक बाथरूम ९० हजारांत व्हायचं होतं, १ लाख ५२ हजार लागले. काम संपल्यावर सगळ्या पावत्या समोर मांडून बसले तेव्हा कळलं की कोणी फसवलं नव्हतं, कशाचे भावही वाढले नव्हते. अकरा वेळा आम्हीच उभ्या उभ्या ‘करून टाका’ म्हटलं होतं आणि एकदाही ‘किती लागतील’ हे विचारलं नव्हतं.

चार वर्षांनी उरलेलं घर दुरुस्तीला काढलं. स्वयंपाकघर, दुसरं बाथरूम, सगळी वायरिंग, गच्ची, खिडक्या, रंग. घर सासऱ्यांनी १९९१ साली बांधलेलं, म्हणजे आतून काय निघेल याचा भरवसा नाही. हाताशी ८ लाख होते. काम ७ लाख ८१ हजारांत झालं. त्या वेळी जे जे केलं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण शेजारच्या दोन घरांमध्ये सध्या तोच गोंधळ रोज डोळ्यांसमोर दिसतोय.

पहिली पायरी: रक्कम दोन भागांत तोडा

हातातली पूर्ण रक्कम कामाला लावायची नाही. आम्ही ८ लाखांतले १ लाख १० हजार वेगळ्या खात्यात टाकले आणि ६ लाख ९० हजार हेच आपलं बजेट असं धरलं. तीस वर्षं जुन्या घरात १० ते १५ टक्के तरी असे बाजूला हवेतच. मात्र या पैशाला एक अट घाला: भिंतीत, जमिनीत किंवा छतात जे लपलेलं निघेल त्यासाठीच तो वापरायचा. कुजलेली चौकट, गळका जोड, सडलेली सळई, एवढ्यासाठीच. दुकानात एखादी टाइल आवडली म्हणून त्याला हात लावायचा नाही. आमचे त्यातले ९१ हजार गेले, पण एकही रुपया हौसेवर गेला नाही.

अंदाजपत्रकात लोक कायम विसरतात ते खर्च असे. मलबा उचलण्याच्या फेऱ्या. तो रस्त्यावर पडून राहिला तर मनपा दंड करते, शिवाय शेजाऱ्यांशी वाद होतो तो वेगळा. मालाची हमाली आणि वाहतूक. ओटा बंद असतानाचं जेवण. आमचा २३ दिवस बंद होता आणि सासूबाईंना डब्याचं जेवण सोसत नाही, म्हणून छपरीत वेगळी शेगडी मांडावी लागली. शेवटची साफसफाई. आणि जीएसटी. टाइल्स, सॅनिटरी, प्लायवूड, रंग या सगळ्यांवर १८ टक्के लागतो. सिमेंटवर २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. दुकानदार तोंडी भाव सांगतो तेव्हा तो ‘बिलासह की बिलाशिवाय’ हे तिथेच विचारा, कारण लाखाच्या मालामागे १८ हजारांचा फरक पडतो. बिल घ्याच. खराब निघालेली टाइल बदलून मागायची झाली तर हातात तोच एक कागद असतो.

दुरुस्तीसाठी कर्ज काढत असाल आणि जुन्या कर प्रणालीत असाल, तर स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीकर्जावरच्या व्याजाला वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. हा हिशोब कर्ज घेण्याआधी करा.

दुसरी पायरी: पाणी, छत, वीज, बाकी सगळं नंतर

नागपूरच्या बऱ्याच भागात घराखाली काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात सुकली की आक्रसते आणि भेगाळते. घराच्या भिंतींना दरवर्षी त्याच जागी तडा जात असेल तर पुट्टी भरून उपयोग नाही. आधी घराभोवती फिरून बघा. बाथरूमचं सांडपाणी कुठे मुरतंय का, गच्चीचा पाइप थेट भिंतीच्या बुडाशी ओततोय का, चेंबरला भेग आहे का. आमच्या मागच्या खोलीचा तडा चेंबरच्या गळतीमुळे होता. चेंबर नीट केलं, मागच्या बाजूला उताराची तीन फुटी फरसबंदी केली, एक पावसाळा जाऊ दिला आणि मगच त्या भिंतीवर रंगाचा पैसा घातला. तडा रुंदावत असेल किंवा विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यांसारखा वर चढत असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी देणं जिवावर येतं, पण या एका माणसावर काटकसर करू नका.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमचा भाग सखल असेल तर तळमजल्यावरचे प्लगपॉइंट वर घ्या आणि खालच्या कपाटांना भुशाचे दाबलेले बोर्ड वापरू नका. पाणी लागलं की ते फुगतात आणि पुन्हा कधीच पूर्ववत होत नाहीत.

वायरिंग जुनी असेल तर ती पूर्ण बदला, अर्धी नको. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगला २.५, एसी आणि गिझरला ४ अशी वायर लागते. नवीन एसी बसवणार असाल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो का तेही आधी बघा. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लावून घ्या. ओल्या कुलरला हात लागून शॉक बसल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात असतात.

परवानगीचं थोडक्यात: फरशी, रंग, ओटा, नळ अशा आतल्या दुरुस्तीला सहसा अडचण येत नाही. पण खोली वाढवणं, गॅलरी बंदिस्त करणं, कॉलम किंवा बीमला हात लावणं ही वेगळी गोष्ट. तुमचा नकाशा मनपाने मंजूर केला आहे की नागपूर सुधार प्रन्यासने, ते कागद काढून बघा. फ्लॅट असेल तर सोसायटीचं पत्रही घ्या. काम अर्ध्यावर थांबलं की बसून राहिलेल्या मजुरांची रोजी तुमच्याच अंगावर येते.

तिसरी पायरी: कुलर कुठे बसणार?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या इंटेरिअरवाल्याच्या डोक्यात येत नाही. इथे पारा ४५ च्या वर जातो आणि कुलरशिवाय घर चालत नाही. माझ्या नणंदेने दिवाळीत लाकडी खिडक्या काढून सुंदर सरकत्या ॲल्युमिनिअमच्या बसवल्या. मार्चमध्ये कुलर काढला तर त्याचं तोंड बसायला जागाच नाही, कारण सरकती खिडकी अर्धीच उघडते. एक पल्ला काढून पत्रा ठोकला, पत्र्याच्या फटीतून पाणी आत आलं, नव्या रंगाला बुरशी धरली. शेवटी ती खिडकी पुन्हा काढली. एका खिडकीला दोनदा पैसे गेले.

म्हणून कागदावर घराचा साधा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत वर्षभर काय काय घडतं ते त्यात भरा. कुलर कोणत्या खिडकीत, त्याचा स्टँड भिंतीत की जमिनीवर, त्याला पाण्याची लाइन आणि निचरा कुठून, पॉइंट किती उंचीवर. पंखा, टीव्ही, गिझर, इन्व्हर्टर, मिक्सर, फिल्टर, वॉशिंग मशीन. देवघरात दिवा. म्हाताऱ्या माणसांच्या पलंगाशी हाताला लागेल असा स्विच. हा कागद तयार झाल्यावर आम्ही आठ दिवस तो फ्रीजवर लावून ठेवला. त्या आठ दिवसांत घरातल्यांनी मिळून चौदा बदल केले आणि ते सगळे पेन्सिलने झाले. हेच चौदा बदल भिंत फोडल्यावर झाले असते तर प्रत्येकाची मजुरी, छपाई आणि रंग वेगळे लागले असते.

चौथी पायरी: मापं स्वतः घ्या

टाइल्सचं उदाहरण सविस्तर देते, कारण इथे जवळपास प्रत्येक जण चुकतो.

खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. दुकानदार म्हणतो, दोन बाय दोनची टाइल, पेटीत चार, म्हणजे १६ फूट. १२० भागिले १६, साडेसात. आठ पेट्या न्या. पण ही टाइल दोन फुटांची नसतेच, ती ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळपास ६१०. चार टाइल्सची पेटी १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा फूटच भरते. आता जमिनीवर मांडून बघा. १२ फुटांच्या बाजूला सहा टाइल्स बसल्या की ५८ मिलिमीटर उरतात, १० फुटांच्या बाजूला पाच बसल्या की ४८. या दोन चिंचोळ्या पट्ट्यांसाठी प्रत्येकी एक टाइल कापावी लागते. झाल्या ३२. मग भिंतीच्या बुडाशी लावायची साधारण चार इंची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग: दार वगळून ४१ फूट, एका टाइलमधून सहा पट्ट्या, म्हणजे आणखी ४ टाइल्स. तुटफुटीला २ धरा. एकूण ३८, म्हणजे साडेनऊ पेट्या; घ्याव्या लागणार दहा. दुकानदाराच्या हिशोबाला दोन पेट्या कमी पडल्या.

कमी पडल्या तर नंतर आणता येतील असं वाटतं, पण पेटीवर छापलेला बॅच नंबर बदलला की रंगाची छटा बदलते. खोलीच्या मधोमध ती वेगळी ओळ आयुष्यभर दिसत राहते. सगळ्या पेट्यांचा बॅच एकच आहे ना, हे टेम्पोत चढवण्याआधी बघा आणि न उघडलेल्या पेट्या परत घेणार का ते बिलावर लिहून घ्या.

रंगाऱ्याचा ‘फूट’ वेगळा असतो. तो जमिनीचा नसून भिंतीचा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे चार भिंतींचे ४४० आणि छताचे १२०, एकूण ५६० चौरस फूट. दारं-खिडक्या यातून वजा होणार की नाही हे रंगाची पहिली बादली उघडण्याआधी ठरवा.

रेती ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी टेप लावा: आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट भरलेली असेल तर बरोबर एक ब्रास. पावसाळ्यात नदीतून रेती उपसायला बंदी असते, त्यामुळे भाव चढतो. जोडाई-छपाईचं काम त्या दिवसांत येणार असेल तर रेती मेअखेरीसच टाकून घ्या आणि ताडपत्रीने झाका.

पाचवी पायरी: ठेका कागदावर

मटेरियलसह ठेका की फक्त मजुरीवर? तुमच्यापैकी कोणीतरी रोज दोन तास साइटवर देऊ शकत असेल तरच मजुरीवर द्या. आम्ही मधला मार्ग काढला. सिमेंट, रेती, पाइप, वायर ठेकेदाराकडे. टाइल्स, नळ, प्लायवूड, रंग आम्ही आणले. जे डोळ्यांना दिसतं आणि ज्याच्या भावात मोठा फरक असतो ते आपल्या हातात राहिलं. लाकडासाठी लकडगंज आणि हार्डवेअरसाठी गांधीबाग-इतवारीत एक पूर्ण दिवस घालवा. घराजवळच्या दुकानातून घ्यायचं असलं तरी भाव माहीत असणं वेगळं.

तीन ठेकेदारांकडून भाव घ्या, पण तिघांनाही तुमची एकच यादी द्या. नाहीतर एकाच्या आकड्यात तोडफोड आणि मलबा धरलेला असतो, दुसऱ्याच्या नसतो, आणि स्वस्त वाटतो तोच शेवटी महाग पडतो. यादीत माल कोणत्या दर्जाचा ते लिहा. ‘चांगला प्लाय’ असं लिहून काही होत नाही. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा (मरीन प्लाय), बाकीच्या स्वयंपाकघराला आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा), असं लिहा. सगळ्या घराला मरीन प्लाय लावायची गरज नसते. बेडरूमच्या कोरड्या कपाटाला तो लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं सामान कोणाचं हेही त्याच कागदावर यायला हवं. लोखंडी ग्रिल, जुने पाइप, नळ, चौकटी. आमच्या दारांना जुना सीपी (मध्य प्रांतातला) सागवान होता. ठेकेदार म्हणाला, “ताई, हे जुनं घेऊन जातो मी, नवीन फ्लश डोअर लावून देतो.” सुताराला बोलावून रंध्याने वरचा थर काढला, तर आतलं लाकूड सोन्यासारखं निघालं. पाच दारं पॉलिश करून पुन्हा लावली. बैठकीतली मोझॅक फरशीही काढली नाही, मशीनने घासून घेतली. या दोन गोष्टींनी जेवढे पैसे वाचले तेवढे भावाची घासाघीस करून कधीच वाचले नसते.

पैसे द्यायचे ते टप्प्याने. सुरुवातीला १० टक्के, मग प्रत्येक टप्पा संपल्यावर: तोडफोड, पाइप आणि वायर, छपाई, फरशी, रंग. दर शनिवारी मजुरांचा हप्ता असतो आणि ठेकेदार “भाऊजींना सांगा, थोडी उचल द्या” म्हणून येतो. मजुरांची रोजी अडवू नका. रेजा (मजूर बाया), बिगारी हातावर पोट असलेले असतात. पण दिलेली प्रत्येक उचल पुढच्या टप्प्यातून वजा होते आहे, हे त्याच्यासमोर वहीत लिहा आणि सही घ्या.

सहावी पायरी: मुहूर्त हवामानाचा बघा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा नागपुरातला सगळ्यात चांगला काळ. दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. रंगारी मिळत नाहीत आणि मिळालेले पाच घरी एकदम काम धरतात. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक दिवसांत, छपाई करू नका. ताजी छपाई निदान सात दिवस ओली राहायला हवी, आणि त्या उन्हात दुपारी मारलेलं पाणी चारपर्यंत उडून जातं. भिंतीला केसासारख्या भेगा पडतात आणि दुरुस्तीचा खर्च पुन्हा येतो. होळी, पोळा आणि धानकापणीला मजूर गावी जातात हे वेळापत्रकात धरा. त्या दिवसांत मजुरांच्या ठिय्यावरून आणलेला अनोळखी माणूस टाइल्सवर बसवू नका.

सातवी पायरी: बदलांची वही

पहिल्या बाथरूमच्या वेळी जे चुकलं ते या वहीने सांभाळलं. साधी शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, काय बदलायचं, किती पैसे, कशातून. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कोणताही बदल आला की तो लपलेल्या दोषासाठी आहे की हौसेसाठी, हे आधी ठरायचं. दोष असेल तर राखीव पैशातून. हौस असेल तर यादीतलं दुसरं काहीतरी तेवढ्याच रकमेचं काढायचं. मुलाला खोलीत छताला लपवलेले दिवे हवे होते, २२ हजार. घ्या म्हटलं, पण मग बैठकीतलं टीव्हीचं पॅनेल नाही. त्याने एक रात्र विचार केला आणि दिवे सोडून दिले.

ठेकेदाराला एकच नियम सांगितला होता: बदल सुचवायचा असेल तर आकडा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचा, आणि माझा लेखी ‘हो’ आल्याशिवाय हातोडा लावायचा नाही. सुरुवातीला त्याला जड गेलं. पण तिसऱ्या आठवड्यात तोच म्हणाला, “ताई, हे बरं आहे, शेवटी कोणाची कटकट नाही.” फोनवर ‘हो’ म्हणायचं नाही, घरच्या एकाच माणसाने हो म्हणायचं, आणि आकडा ऐकल्यावर निदान एक रात्र जाऊ द्यायची. गळता पाइप सोडला तर रात्रभर न थांबू शकणारं काम घरात फारसं नसतं.

शेवटचे पैसे

बाथरूमला टाइल्स लावण्याआधी निचऱ्याचं तोंड बंद करून पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. खालच्या छताला किंवा बाजूच्या भिंतीला ओल दिसली तर त्याच टप्प्यावर दुरुस्त होते. टाइल्स लागल्यावर तीच गळती शोधायला सगळं फोडावं लागतं. पाइप आणि वायर भिंतीत बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, बाजूला टेप उघडी धरून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना अंतर कळेल.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे १० टक्के आम्ही पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवले होते आणि ते करारातच लिहिलं होतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री धो धो पडला. सकाळी शिडी लावून बघितलं तर पाण्याच्या टाकीच्या पायाशी हाताएवढं डबकं आणि खालच्या खोलीच्या कोपऱ्यात ओलीचा ठिपका. फोन केला, ठेकेदार दुपारी आला, टाकीचा पाया फोडून उतार नीट केला. दुसऱ्या मोठ्या पावसानंतर कोपरा कोरडा राहिला, तेव्हा त्याला बोलावून राखलेले पैसे दिले, चहा दिला आणि वहीच्या शेवटच्या पानावर दोघांनी सही केली.